वसईचा दर्या आणि अकलोलीचे ऊन पाणी

समुद्रकाठचे गाव पाहायला जायचे म्हणजे पुळणीवर चार फेऱ्या मारायच्या, शहाळे प्यायचे, सूर्यास्ताला 'वा!' म्हणायचे आणि शेवटची गाडी गाठायची, अशी आपणा शहरवासीयांची समजूत असते. गावाला मात्र पुळणीखेरीज पुष्कळ काही असते. बंदर असते, बाजार असतो, वाड्या असतात, देवळे असतात आणि कोणी कधी कोणाला हरवले याच्या आठवणी असतात. या गोष्टी मोटारीच्या काचेतून दिसत नाहीत. त्या पाहायला पायच हवेत.

मुंबईपासून लोकल गाडीने जेमतेम दीड तासाच्या आत असलेले वसई हे असे पायांनी वाचायचे गाव आहे. त्या वाचनाचे शेवटचे पान वसईत संपत नाही. ते तुंगारेश्वराचा डोंगर ओलांडून भिवंडी तालुक्यातल्या अकलोलीपर्यंत, तानसा नदीकाठच्या ऊन पाण्याच्या कुंडांपर्यंत जाते. समुद्र तिथून बराच लांब आहे. तरीही अकलोलीला पाय बुडवल्याशिवाय वसईची कथा पुरी होत नाही. ती कशी, हेच या लेखात सांगायचे आहे.

शूर्पारकाची लेक

वसईला पोर्तुगीजांनी वसवले असे पुष्कळांना वाटते. पण या किनाऱ्याचे वय त्याहून फार मोठे आहे. वसईच्या शेजारचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. आज लोकलच्या गर्दीसाठी प्रसिद्ध असलेले हे स्टेशन एके काळी पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथल्या बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले आणि त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक तुकडाही इथे त्यांच्या हाती लागला. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही या किनाऱ्यावर दूरदूरच्या लोकांची ये-जा होती.

बंदरांचे नशीब गाळावर अवलंबून असते. एका खाडीत गाळ साचला की व्यापार दुसरीकडे सरकतो. सोपाऱ्याचे वैभव ओसरले आणि पुढे वसईचा काळ आला. गुजरातचा सुलतान बहादूरशहा मोगलांच्या भीतीने अडचणीत सापडला, तेव्हा २३ डिसेंबर १५३४ रोजी त्याने वसई आणि तिच्या भोवतालचा मुलूख तहाने पोर्तुगीजांच्या हवाली केला. या तहावर सही झाली तीही जमिनीवर नव्हे, तर एका पोर्तुगीज गलबतावर! तेव्हापासून २०५ वर्षे वसई पोर्तुगीजांकडे राहिली. गोव्याच्या खालोखाल त्यांचे हे मानाचे ठाणे होते आणि उत्तरेकडच्या सगळ्या मुलखाचा कारभार इथूनच चाले. इथल्या दगडाला गोव्याच्या चर्चांसाठी मागणी होती आणि आसपासच्या रानातल्या सागापासून इथे जहाजे बांधली जात.

भुई दरवाजातून दर्या दरवाजाकडे

वसई रोड स्टेशनावर उतरून बसने पारनाक्यापर्यंत यावे आणि तिथून पुढे मात्र चालू लागावे. रस्त्याला कौलारू घरे, लहान दुकाने, मधूनच एखादा क्रूस आणि लगेच पुढे एखादे देऊळ लागते. हळूहळू झाडी दाट होते आणि मग एकाएकी काळ्या दगडांचा प्रचंड तट समोर उभा राहतो.

हा किल्ला पाहताना आपल्या सह्याद्रीतल्या गडांची मोजमापे विसरावी लागतात. इथे चढण नाही, कडा नाही, माची नाही. सगळा किल्ला सपाटीवर आहे. निसर्गाने जे संरक्षण दिले ते पाण्याचे आणि दलदलीचे. तीन बाजूंना समुद्र, खाडी आणि चिखल असल्यामुळे शत्रूला यायला वाट उरे ती उत्तरेकडची. म्हणून त्या बाजूचे बुरूज भक्कम बांधलेले आहेत. ते गोल नसून कोनाकोनाचे, बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले आहेत. गोल बुरुजाच्या पायथ्याशी तोफेच्या माऱ्यातून सुटणारा एक कोपरा उरतो आणि शत्रू तिथे दडून सुरुंग खणू शकतो. कोनाच्या बुरुजाला असा आंधळा कोपरा नसतो. एका बुरुजावरून दुसऱ्याच्या भिंतीवर सरळ मारा करता येतो. तोफांचे युग सुरू झाल्यावर युरोपात निघालेली ही बांधणीची रीत आपल्याकडे इतक्या स्पष्टपणे क्वचितच पाहायला मिळते.

बुरुजांना नावे आहेत ती संतांची. सान सेबस्तियन, सान पावलो, रेमेदियुस. यातले शेवटचे नाव वसईकरांच्या जिभेवर अजून आहे. 'औषध देणारी, दुःख निवारणारी माता' अशा अर्थाच्या या पोर्तुगीज नावाची मराठी 'रमेदी' झाली आणि किल्ल्याबाहेरच्या रमेदी माउलीच्या चर्चमध्ये आजही नवस बोलायला सर्व धर्मांची माणसे जातात.

भुई दरवाजातून आत शिरले की भोवती तटाने वेढलेले एक अख्खे शहर पडलेले दिसते. 'पडलेले' हाच शब्द बरोबर आहे. छपरे केव्हाच गेली आहेत, पण भिंती आणि कमानी उभ्या आहेत. वडपिंपळांची मुळे दगडांना कवटाळून बसली आहेत. मधूनच चिमाजी अप्पांचा पुतळा दिसतो. नागेश्वराच्या देवळात घंटा वाजते. आणि मग एकामागून एक चर्चांचे सांगाडे लागतात.

जेझुइटांच्या चर्चचे दर्शनी तोंड त्यांत सर्वांत देखणे. दाराची अर्धवर्तुळाकार कमान, दोन्ही बाजूंना पन्हळी कोरलेले खांब आणि त्यांच्या माथ्यावर दगडातली पाने. हा खांब मूळचा ग्रीस-रोमचा. तो पोर्तुगालला गेला, तिथून जहाजात बसून कोकणात आला आणि इथल्या पाथरवटांच्या छिन्नीने इथल्याच दगडात उतरला. फ्रान्सिस्कनांच्या सान्त आंतोनियोच्या चर्चमध्ये पायांखाली पाहून चालावे लागते, कारण तिथली जमीनच थडग्यांच्या शिळांची आहे. त्यांवर नावे, सन आणि घराण्यांची चिन्हे कोरलेली आहेत. सान जोझे हे वसईचे मुख्य चर्च. त्याचा उंच मनोरा लांबूनही दिसतो. त्याच्या दारावर १६०१ सालचा, पुनर्बांधणीच्या वेळचा लेख आहे.

या शहराने एक संतही दिला. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यास इथे झाला. ते जपानात धर्मप्रसारास गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे आपल्या सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मरण आले. १८६२ साली रोममध्ये त्यांना संतपद जाहीर झाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. वसईच्या मुलाचे नाव नागासाकीत घेतले जाते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते?

सरळ चालत गेले की दर्या दरवाजा येतो आणि त्यापलीकडे किल्लाबंदर. इथे इतिहास संपतो आणि संसार सुरू होतो. होड्या लागलेल्या असतात, जाळी विणली जात असतात, बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत असतात. कोळणींचा आवाज भरतीच्या आवाजावर मात करतो. किल्ल्यातून जाणारा रस्ता हा या माणसांचा रोजचा रस्ता आहे. आपण ज्या कमानीखाली थबकून छायाचित्र काढतो, तिच्याखालून त्यांची पोरे दप्तर पाठीला लावून शाळेत जातात. किल्ला जिवंत राहिला आहे तो पुष्कळ अंशी या जाण्यायेण्यामुळे.

घंटा कुठे गेल्या?

१७३७ साली मराठ्यांनी साष्टी आणि वसईची मोहीम हाती घेतली. ठाणे लवकर पडले, वसई मात्र पडेना. दोन वर्षे ही मोहीम चालली. १७३९ च्या उन्हाळ्यात चिमाजी अप्पांनी उत्तरेकडून मोर्चे तटापर्यंत नेले, सुरुंग लावले, बुरूज उडवले. पडलेल्या दगडांवरून मराठे आत घुसत आणि वरून येणाऱ्या माऱ्यात पडत. पुन्हा दुसरी तुकडी चढे. किल्ला हाती येत नसेल तर निदान माझे मस्तक तरी तोफेने किल्ल्यात जाऊन पडू द्या, असे अप्पा निर्वाणीचे बोलल्याची दंतकथा आहे. दंतकथा खरी असो वा नसो, तिच्यातली इरेस पेटलेली माणसे मात्र खरी होती. मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागतीचा तह केला.

हा तह वाचण्यासारखा आहे. हरलेल्या शिबंदीला शस्त्रांनिशी, निशाण फडकवीत, नगारे वाजवीत बाहेर जाऊ दिले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला तिचा धर्म पाळण्याची मोकळीक दिली. इतके रक्त सांडल्यावर असा तह करायला मन मोठे लागते. या विजयाचे सुख अप्पांना फार दिवस लाभले नाही. १७४० साली एप्रिलमध्ये बाजीराव गेले आणि डिसेंबरात अप्पाही गेले.

विजयाची खूण म्हणून वसईच्या चर्चांतल्या घंटा उतरवून मराठी मुलखात नेल्या गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर टांगलेली घंटा पाहा, तिच्यावर १७२१ साल आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावरची घंटा १७०७ ची. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. भीमाशंकरालाही अशीच एक घंटा आहे. एका धर्माच्या प्रार्थनेसाठी ओतलेली धातू दुसऱ्या धर्माच्या आरतीला साथ देत आली आहे, आणि मेणवलीच्या घंटेवरची मरिया कोणी घासून काढलेली नाही. ज्यांनी ती टांगली त्यांना ती परकी वाटली असेल, पण अपवित्र वाटली नाही.

पुढची हकीगत थोडक्यात सांगायची तर, डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्डने वसई घेतली, सालबाईच्या तहाने ती मराठ्यांना परत मिळाली आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. एका बाजीरावाच्या भावाने जिथे पराक्रमाची शर्थ केली, तिथेच दुसऱ्या बाजीरावाने स्वातंत्र्य गहाण ठेवले. किल्ल्याच्या भिंतींना वाचा असती तर त्या यावर काय बोलल्या असत्या कोण जाणे!

बावखले आणि सुकेळी

दुपारी ऊन चढले की किल्ल्यातून बाहेर पडून वाड्यांकडे वळावे. सुरुची बागेच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली शिदोरी सोडावी, आणि मग भुईगाव, निर्मळच्या दिशेने निघावे. केळीच्या बागा, पानवेली, फुलांचे मळे. राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली सुकेळी ही या भागाची खासियत. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची यात्रा भरते, तेव्हा सुकेळी घरी नेल्याशिवाय यात्रेकरूची यात्रा पुरी होत नाही.

या वाड्यांत सामवेदी, वाडवळ, भंडारी, कोळी असे नाना समाज शेजारी शेजारी राहतात. इथले कुपारी ख्रिस्ती घरात आपली कादोडी बोली बोलतात आणि चर्चमध्ये मराठीतून प्रार्थना करतात. याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केले आणि २०२० साली धाराशिवच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. २०२४ साली ते निवर्तले. 'हरित वसई'च्या चळवळीत त्यांनी घेतलेला पुढाकार वसईकर विसरलेले नाहीत.

ती चळवळ कशासाठी होती, हे समजायला बावखल पाहिले पाहिजे. बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे लहानसे तळे. वसईच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. जमिनीखाली खारे पाणी टपून बसलेले. पावसाचे पाणी बावखलात साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरते. म्हणून विहिरी गोड राहतात, म्हणून केळी पिकते. पूर्वजांनी कुठल्याही पुस्तकाविना उभारलेली ही पाण्याची तटबंदीच आहे. दगडी तटापेक्षा तिची योग्यता कमी नाही.

आता या तटालाच सुरुंग लागत आहेत. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, वस्ती वाढली, जमिनीला सोन्याचा भाव आला. तळे बुजवले की घराला जागा होते, हा हिशेब सोपा आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग निसर्ग मांडतो. जुलै २०१८ मध्ये पावसाने वसई बुडवली, रूळ पाण्याखाली गेले आणि लोकल बंद पडल्या. पाण्याची जागा आपण घेतली की पाणी आपली जागा घेते. घर हवेच, कोणालाही हवे. पण बावखल बुजवून बांधलेल्या घराच्या नळाला पाणी कुठून आणायचे, हे विचारणारा शहाणा असतो, प्रगतीचा वैरी नव्हे.

अपांचा नवस

दुसऱ्या दिवशी सकाळी विरार किंवा वसईहून वज्रेश्वरीची एस.टी. पकडावी. शिरसाड फाट्यावरून गाडी अंबाडीच्या रस्त्याला लागते. तुंगारेश्वराचा डोंगर बाजूला पडतो, हवेतला खारेपणा जातो आणि भातखाचरांचा वास येऊ लागतो.

वसईची मोहीम अडली तेव्हा चिमाजी अप्पांनी या परिसरातल्या देवीला नवस केला, यश आले तर तुझे देऊळ बांधीन, असे परंपरा सांगते. १७३९ च्या विजयानंतर हे देऊळ उभे राहिले. टेकडीवर बावन्न पायऱ्या चढून गेले की समोर येतो तो देवळाचा नव्हे, जणू किल्ल्याचाच दरवाजा. वर नगारखाना, बाजूला दगडी तट. वसईचा भुई दरवाजा पाहून आलेल्या माणसाला इथे मनातल्या मनात हसू येते. जिंकलेल्या किल्ल्याची आठवण जिंकणाऱ्याने देवीच्या दारात दगडात बांधून ठेवली आहे. घंटा जशा घाटावर पोहोचल्या, तसा किल्ला इथे टेकडीवर पोहोचला.

टेकडी उतरून पायीच अकलोलीला जावे. वाट तानसा नदीच्या काठाकाठाने जाते. अकलोलीला रामेश्वर महादेवाच्या देवळापाशी दगडी कुंडे आहेत आणि त्यांत ऊन पाणी आहे. काही झरे तर नदीच्या पात्रातच फुटतात. एक हात थंड प्रवाहात आणि दुसरा ऊन पाण्यात, अशी मौज इथे घेता येते. थोडे पुढे गणेशपुरीला भीमेश्वराच्या देवळापाशीही अशीच कुंडे आहेत. तिथे स्वामी नित्यानंद राहिले आणि १९६१ साली समाधिस्थ झाले.

हे पाणी तापते कसे? देवीने मारलेल्या राक्षसांच्या रक्ताचे हे झरे झाले, असे गावकरी सांगतात. इथे ज्वालामुखी धुमसतो आहे असेही कोणी ठोकून देतो. ते मात्र खरे नव्हे. आपला काळा पाषाण लाव्ह्याचा आहे खरा, पण तो निवून सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली. खरी गोष्ट अशी, की पावसाचे पाणी खडकांतल्या खोल भेगांतून खाली उतरते. जितके खोल जावे तितकी पृथ्वी ऊन. तिथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेने वर येते आणि वाटेत खडकांतले क्षार बरोबर आणते. कोकणेर, सातिवलीपासून थेट राजापूरपर्यंत कोकणात अशी ऊन पाण्याची ठिकाणे ओळीने आहेत. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीत जमीन जिथे भेगाळली, तिथे ती वर आली.

संधिवाताचे दुखणेकरी, नवसाचे यात्रेकरू आणि सहलीची पोरे अकलोलीच्या कुंडांत शेजारी शेजारी बसतात. दुखणे बरे होते की नाही हे वैद्यांना विचारावे, पण किल्ला आणि वाड्या हिंडून थकलेल्या पायांना बरे वाटते, हे सांगायला वैद्य नको. पाणी चांगलेच कढत असते, तेव्हा एकदम उडी न टाकता आधी पायाचा अंगठा बुडवून पाहावा. साबण आणि प्लॅस्टिकच्या पुड्या मात्र घरीच ठेवाव्या.

नदी समुद्राला मिळते

अकलोलीचा आणि समुद्राचा संबंध काय, या प्रश्नाचे उत्तर तानसाच देते. याच नदीवर वरच्या अंगाला १८९२ साली धरण झाले आणि मुंबईच्या नळांना तिचे पाणी मिळू लागले. उरलेली तानसा अकलोलीचे ऊन पाणी पोटात घेऊन पश्चिमेला वाहते, वैतरणेला मिळते आणि वैतरणा समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी अर्नाळ्याचे बेट आहे आणि त्यावर पेशव्यांचा जलदुर्ग. वसईच्या मोहिमेला निघालेल्या मराठ्यांनी तो १७३७ साली घेऊन बांधून काढला. म्हणजे अकलोलीला कुंडातून ओसंडलेला थेंब जाता जाता शेवटी याच किनाऱ्यावर, याच इतिहासाला वळसा घालून समुद्रात पडतो.

आज कागदोपत्री वसई पालघर जिल्ह्यात आहे आणि अकलोली ठाणे जिल्ह्यात. २०१४ साली जिल्हे वेगळे झाले. नदीने त्याची दखल घेतलेली नाही. किल्ला भारतीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, देऊळ विश्वस्तांच्या, बावखले ज्याच्या त्याच्या वाडीत आणि कुंडे गावाच्या भरवशावर. पण ही सगळी एकाच वारशाची अंगे आहेत, हे ज्याने दोन दिवस पायी हिंडून पाहिले त्यालाच नीट उमजते. तटावर कोणा प्रेमवीराने कोरलेले आपले नाव दिसले, थडग्याच्या शिळेवर चहाचा पेला लवंडलेला दिसला, की त्याचे मन दुखते. मन दुखणारी माणसे वाढली तरच असे ठिकाण टिकते. पहारेकरी कितीसे पुरे पडणार?

दिवाळीच्या सुटीत हवा कोरडी असते, वाड्या हिरव्या असतात आणि बावखलांत पाणी असते. एक दिवस वसईला द्यावा, दुसरा अकलोलीला. पायांत जुनी वहाण घालावी, पिशवीत पाण्याची बाटली आणि टॉवेल घ्यावा, मुलांना बरोबर न्यावे. परतताना सुकेळीचा पुडा घ्यायला विसरू नये.